बसायचं कुठं?

गेल्या महिन्यात कराडला गेले होते तेव्हा लॅपटॉप उघडून अण्णांना प्रागचा प्लॅन दाखवला. चार दिवसांचा, एक्सेलमध्ये, रंगीबेरंगी. निळं म्हणजे राजवाडे-चर्च, हिरवं म्हणजे बागा, पिवळं म्हणजे खाणं, आणि प्रत्येक ओळीसमोर वेळ, सव्वानऊ ते दहा अमुक, दहा ते सव्वाअकरा तमुक. खरं सांगायचं तर मला त्या शीटचा जरा गर्वच होता, ऑफिसातल्या दोघींनी मागून घेतली होती माझ्याकडून. अण्णांनी चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्क्रीनवर बोट फिरवत सगळं वाचलं, मध्ये एक शब्द नाही. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, "समदं झ्याक हाय. पण ह्यात बसायचं कुठं?"

मी हसले. म्हटलं अण्णा, कॅफे असतात की तिथं पावलापावलाला. "म्हंजे बसायचं तर चहा घ्याय लागणार," ते म्हणाले. आतून आईचा आवाज आला, "आणि चहा घेतला की पुन्हा जायचं कुठं?" ह्यावर मी आणखी हसले, कारण प्रागमध्ये बऱ्याच ठिकाणी बाथरूमला पैसे मोजावे लागतात हे मी वाचलं होतं, आणि ते आईला सांगायची ती वेळ नव्हती. विषय तिथंच संपला. जेवलो, आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला, मी पुण्याला निघाले. पण खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. ह्यात बसायचं कुठं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं. म्हणजे माणसानं आयुष्यभर उभं राहण्याचा पगार घेतला, एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, खांद्याला चामड्याची बॅग आणि पाठ कुणाच्यातरी सीटच्या दांडीला टेकवलेली. लहानपणी पासवर आम्ही कोल्हापूरला किंवा गणपतीपुळ्याला जायचो तेव्हा सुद्धा ते बसलेले मला फारसे आठवत नाहीत, कारण ड्यूटी नसली तरी कुणी म्हातारी गाडीत चढली की हे उठलेच. आई चिडायची. "आज तरी प्यासेंजर व्हा की," म्हणायची. त्यामुळे माझ्या डोक्यात अण्णा म्हणजे न दमणारा माणूस असं जे पक्कं बसलंय ते तसंच राहिलंय, आता ते ७३ वर्षांचे आहेत ही गोष्ट मला माहिती आहे पण कळलेली नाही, असं काहीतरी.

नंतर एक गोष्ट आठवली आणि जरा गार पडले. संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाताना अण्णा वाटेत थांबून फ्लेक्स वाचतात. मोठ्यानं. "भावी नगरसेवक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा," मग खालची सगळी शुभेच्छुकांची नावं, फोटोसकट, हा कुणाचा पोरगा, तो कुणाचा भाचा. मी समजत होते की रिटायर माणसाला गावाची उठाठेव असते. पण एकच फ्लेक्स कुणी रोज वाचतं का? ते गुडघ्याला विश्रांती देत होते. घरापासून घाटापर्यंत चार फ्लेक्स आणि एक दुकानाची पाटी, म्हणजे पाच थांबे, आणि मी शेजारी उभी राहून मोबाइल बघत होते.

पुढच्या फोनवर त्यांनी त्यांच्या भाषेत समजावलं. "तू रनिंग टाईम धरलाय, थांबा धरलाच न्हाई. असं शेड्यूल डेपोत दिलं असतं तर ड्रायव्हरनं गाडी लावली असती भिंतीला."

मला राग आला होता हे पण लिहायला हवं. प्राग माझं होतं. होस्टेलच्या खोलीत आधीच्या मुलीनं एक जुनं कॅलेंडर तसंच ठेवलं होतं, त्यात नोव्हेंबरच्या पानावर धुक्यातला चार्ल्स ब्रिज, काळे पुतळे, दोन दिवे आणि एकही माणूस नाही. वर्षं बदलली तरी ते पान मी उलटू दिलं नाही, रूममेट म्हणायची बाहेर मे चालू आहे गं. तेव्हापासून ठरलेलं की एकटीनं जायचं, दिवसाला वीस-पंचवीस हजार पावलं, भूक लागली तर ब्रेड, पाय दुखले तर दुखू दे. मग नोकरी, होम लोन, हे-ते करत चाळिशी आली, आणि गेल्या दिवाळीत अण्णा सहज म्हणाले की आमचं इमानात बसायचं राहिलंच बघ. त्यावर मी काय बोलून गेले ते तुम्हाला कळलंच असेल. मी बोलले ते मनापासूनच, पण मनापासून बोललेल्या गोष्टीचा पण नंतर हिशेब होतोच.

तर मी रात्री बाकडी शोधायला लागले.

हे वाचायला वेड्यासारखं वाटेल पण करून बघा, एखाद्या शहराचा नकाशा फक्त बाकड्यांसाठी बघा, ते शहर वेगळंच दिसायला लागतं. गाईडमध्ये 'मस्ट सी' असलेली ठिकाणं एकदम संशयास्पद होतात. जुन्या शहराच्या टाऊन हॉलवरचं ते खगोलीय घड्याळ घ्या. १४१० सालचं, आजही चालतं, दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो, आणि ह्या एका मिनिटाच्या आतल्या खेळासाठी लोक आधीपासून खाली माना वर करून ताटकळत उभे. उभे! पूर्वी मी 'अकराचा शो' असं लिहून पाऊण तास दिला होता, आता तो दहा मिनिटांवर आणला. त्या घड्याळावर एक जुनी झेक वेळ पण दाखवतात, तिच्यात दिवस सूर्यास्तापासून मोजतात. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, आपलं पंचांग सूर्योदयापासून, त्यांचं मावळतीपासून, म्हंजे रातपाळीवाल्यांनी बनवलं असणार.

किल्ल्याचं पण तसंच. प्राग कॅसल टेकडीवर आहे, आणि खालून जायला छान फोटोजेनिक पायऱ्या आहेत, ज्या मी अर्थातच प्लॅनमध्ये घातल्या होत्या. आता कळलं की २२ नंबरची ट्राम सरळ वर नेते, पोहोर्झेलेत्स नावाच्या स्टॉपला उतरायचं आणि तिथून उतारावरून किल्ल्याकडं चालत यायचं, म्हणजे चढ ट्रामचा आणि उतार आपला. ही युक्ती शोधल्यावर मला पायऱ्या चढण्यापेक्षा जास्त आनंद झाला. आत सेंट व्हायटस कॅथीड्रल आहे, त्याचं काम १३४४ ला सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ ला. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टर बदलला असंल मधी." चर्चमध्ये बसायला बाकं असतात हे त्यांना माहिती आहे, कराडात बघितलेत, त्यामुळे चर्च ह्या प्रकाराबद्दल त्यांचं मत एकदम सुधारलंय.

जसजशी शोधत गेले तशी सापडत पण गेली. वेन्सेस्लास स्क्वेअर म्हणजे गाड्या, हॉटेलं आणि गर्दीचा लांबलचक चौक, १९८९ च्या नोव्हेंबरात ह्याच चौकात लाखो लोक जमले होते आणि कम्युनिस्ट सरकार गेलं. त्याच्या अगदी बगलेत फ्रान्सिस्कन बाग आहे, गुलाब, वेली आणि बाकडीच बाकडी. मालोस्त्रान्स्का स्टेशनजवळ वोयान बाग, तिथं मोर फिरतात. (आईला मोर सांगितले तर म्हणाली, मोर बघायला तिकडं कशाला, मोराच्या चिंचोलीला गेलो असतो.) विशेहराडला मेट्रोनं जाता येतं, पुढं चालणं आहे पण चढ फारसा नाही, खाली नदी, आणि आत एक दफनभूमी जिथं द्वोर्झाक, स्मेताना असे मोठे संगीतकार झोपलेत. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये ह्यातलं काहीच नव्हतं. त्याऐवजी तीन टॉवर होते, तिन्हींना जिने.

ट्रामचं तिकीट हा मात्र अण्णांचा प्रांत निघाला. तिथं कागदी तिकीट घेतलं की पिवळ्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यायचा, नाही मारला तर साध्या कपड्यातला चेकर दंड करतो. हे कळल्यावर अण्णा पहिल्यांदा ताठ बसले. "पंच पब्लिकनंच मारायचा?" हो. "मग कंडक्टर?" कंडक्टर नाहीच. ह्यावर बराच वेळ शांतता. मग तिकीट टप्प्यावर नसून वेळेवर आहे हे सांगितलं, म्हणजे अमुक मिनिटं किंवा चोवीस तास किंवा बहात्तर तास, तेवढ्या वेळात कुठंही फिरा. ज्या माणसानं सहा किलोमीटरचा एक टप्पा ह्या हिशेबानं आयुष्य मोजलं त्याला हे पटेना. "आन् गाडी मधीच आडकली तर? पैशे कुणाचे गेले?" मला उत्तर आलं नाही. प्रश्न बरोबरच आहे की. मग मी त्यांना प्राग मेट्रोचा एक व्हिडिओ दाखवला, त्यात दारं बंद व्हायच्या आधी एक आवाज येतो, झेकमध्ये, त्याचा अर्थ साधारण असा की कृपया चढणं-उतरणं संपवा, दारं बंद होत आहेत. अण्णांनी तो तीनदा ऐकला. "कृपया म्हंतोय?" ते म्हणाले. "आम्ही म्हणायचो आत सरका, आत सरका, मागं गाडी मोकळी हाय." आईला त्याच व्हिडिओतला सरकता जिना दिसला आणि तिनं डोळेच मिटले. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर सुद्धा ती साडीच्या निऱ्या मुठीत धरून देवाचं नाव घेते, आणि प्रागच्या नामेस्ती मीरू स्टेशनला तर ८७ मीटरचा आहे, युरोपियन युनियनमधला सगळ्यात लांब. ते स्टेशन मी गुपचूप प्लॅनमधून उडवलं.

कागदपत्रांचं काही लिहीत नाही, शेंगेन व्हिसाला लागतं ते सगळं लागलं. फक्त एवढंच की तीस हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपल्सरी असतो, तो आकडा रुपयांत करून बघितल्यावर अण्णा म्हणाले की एवढी आपली किंमत हे आधी म्हायीत असतं तर जरा जपून राहिलो असतो.

मग बूट.

प्रागचे रस्ते छोट्या छोट्या दगडी चौकोनांचे, बर्फीच्या वड्या पाडल्यासारखे, दिसायला सुंदर आणि गुडघ्याला वैरी. अण्णांच्या सँडल चालणार नाहीत हे उघड होतं. मी ऑनलाइन मागवू म्हणाले तर म्हणे छे, बूट पायात घालून घ्यायचा असतो, बाटात जाऊ. तर आम्ही बाटात गेलो. मला कराडातल्या त्या दुकानाचा वास अजून तसाच वाटतो, रबर, नवं कातडं आणि पुठ्ठ्याचे खोके. जूनमध्ये शाळेचे काळे नॉटी बॉय घ्यायला आणायचे तिथं, तो माणूस लोखंडी पट्टीवर आमचा पाय ठेवायचा, मग बूट चढवून अंगठ्यापाशी दाबून बघायचा, आणि अण्णा ठरल्यासारखे म्हणायचे, "आणखी एक बोट मोठा द्या." त्यामुळे जून ते दिवाळी माझ्या बुटात पुढं कापूस असायचा. ह्या वेळी अण्णा खुर्चीत बसले, दुकानातल्या मुलानं त्यांच्या पायात बूट चढवला, आणि मी नकळत खाली वाकून अंगठ्यापाशी दाबून बघितलं. अण्णांनी पाय जरासा मागं घेतला. कुणीच काही बोललं नाही. किंमत अर्थातच नव्याण्णवमध्ये संपणारी.

घरी येऊन चहा पिताना मी म्हटलं, अण्णा, बाटा प्रागकडचीच आहे माहितीय का. म्हणजे त्याच देशातली, झ्लीन नावाच्या गावात १८९४ ला सुरू झालेली, आणि आपण ज्या वेन्सेस्लास चौकात जाणार तिथं त्यांची सात-आठ मजली काचेची मोठी इमारत आहे, गेल्या शतकाच्या विसाच्या दशकातली. आणि ते नव्याण्णवचं फॅड पण त्यांचंच, झेकमध्ये अशा किमतीला बात्याची किंमत असंच म्हणतात. "काय म्हंतात?" बात्या. ते लोक बाटा नाही म्हणत, बात्या म्हणतात. अण्णांनी कप खाली ठेवला. बंड्या, गंप्या, बात्या असं एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाले, "उगं काही सांगू नकोस, बाटा आपली हाय." कोलकात्याजवळ बाटानगर आहे हे मी सांगायला नको होतं, कारण तो त्यांना पुरावाच वाटला. नंतर तासाभरानं बाहेरून आले आणि हळूच विचारलं, त्या बिल्डिंगीत बसायला खुर्च्या असतील न्हवं? बुटाच्या दुकानात खुर्ची असतीच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक्सेलमध्ये बाटाची ओळ वाढली, पहिल्या दिवशी दुपारी, रंग कुठला द्यायचा ते कळेना म्हणून पांढरीच ठेवली.

चार्ल्स ब्रिज मात्र अडकला. ५१६ मीटर लांब, दोन्ही बाजूला मिळून तीस पुतळे, चित्रकार, माळा विकणारे, वाजवणारे, सगळं आहे, पण बाकडं नाही. मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रीनवर चालले, दोनदा. १८४१ पर्यंत शहरात नदी ओलांडायला हा एकच पूल होता, एकेकाळी वरून ट्रामसुद्धा धावायची, म्हणजे तो थांबायचा नाही तर पलीकडं जायचा पूल होता, ठीक आहे. मग पलीकडं काय आहे म्हणून बघत गेले तर पुलापासून थोडं पुढं माल्टा चौक नावाची शांत जागा दिसली, आणि तिथं एक झाड, झाडाच्या बुंध्याभोवती गोल टेबल, आणि टेबलाला जोडलेल्या दोन खुर्च्या. वाचलं तर ते वाक्लाव हावेल यांचं बाकडं निघालं. लेखक, तुरुंगात राहिलेला माणूस, नंतर तिथला राष्ट्राध्यक्ष, २०११ ला गेला, आणि त्याच्या आठवणीत हे, पुतळा नाही, दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलावं म्हणून जागा. असली बाकडी आता वेगवेगळ्या देशांत आहेत.

आणि मला एकदम आपली सिमेंटची बाकडी आठवली. घाटावर, एसटी स्टँडवर, मारुतीच्या देवळापाशी, पाठीला निळ्या रंगात 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ', खाली मुलांची नावं, आणि हल्ली त्याच्यावर आणखी कुणाचं तरी 'सौजन्याने'. आपण मेलेल्या माणसाच्या नावावर पाठ टेकवून बसतो आणि शेंगा खातो, ह्यात मला कधी काही विशेष वाटलं नव्हतं. अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. "स्मरणार्थ हाय व्हय? मग चांगलं हाय. पर दोनच खुर्च्या? तिघांत?"

आता माझं गुपित. त्या एक्सेलमध्ये मी खाली दुसरी शीट केली होती, नाव 'मी'. तिच्यात एकच ओळ, पहाटे साडेपाच, चार्ल्स ब्रिज. पुलाचा पहिला दगड १३५७ साली नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला असं सांगतात, एक तीन पाच सात नऊ सात पाच तीन एक, आकडे जातानाचे आणि येतानाचे सारखे, राजा ज्योतिषांचं ऐकणारा होता म्हणे. मुहूर्त खरा की नंतर कुणी जुळवला देव जाणे, पण मला त्या वेळेचं निमित्त पुरेसं होतं. ते दोघं हॉटेलात झोपलेले असतील, मी तासभर जाऊन येईन, कॅलेंडरचं पान बघून येईन, कुणाला सांगायचं पण नाही. चार दिवसांतला एक तास. तो मी स्वतःकडं ठेवला ह्याची मला लाज वाटत होती, आणि तो सोडवत पण नव्हता.

गेल्या आठवड्यात कराडला गेले तेव्हा अण्णा स्वतःच लॅपटॉप उघडून बसले होते, आता त्यांना शीट उघडता येते. मी आंघोळ करून बाहेर आले तर म्हणाले, "खाली एक आणखी कप्पा हाय. पहाटं साडेपाच लिवलंय, कुणाचं हाय हे?" मी काहीतरी पुटपुटले, गर्दी नसते, फोटो चांगले येतात. ते म्हणाले, "साडेपाच म्हंजे फस्ट गाडी. आयुष्यभर साडेचारला उठलोय मी. तुझी आई झोपंल." मग जरा थांबून, "किती मीटर म्हणालीस?" पाचशे सोळा. "बाकडं?" नाही, पलीकडं गेल्यावर आहे, त्या दोन खुर्च्या. त्यांनी मान हलवली आणि त्या ओळीत एका बोटानं टाईप करायला घेतलं. बराच वेळ एक एक अक्षर शोधत होते. मी आत जाऊन कुकर लावला. कुकर लावण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

काल सकाळी आईचा फोन आला. म्हणाली तुझ्या बापाला सांग काहीतरी, दोन दिवस झाले पहाटे उठून नवे बूट घालून घर ते मारुतीचं देऊळ पावलं मोजत हिंडतायत, वाटेत बसत नाहीत, कुणी हाक मारली तरी थांबत नाहीत, आणि आता डाव्या टाचेला बूट लागलाय म्हणून हळद लावून अंगणात बसलेत. मी विचारलं किती झाली पावलं. तिनं तिथूनच ओरडून विचारलं. मागून अण्णांचा आवाज आला, पण गल्लीतून भाजीवाला चालला होता त्यामुळे मला आकडा काही ऐकू आला नाही.